टाकी फुल्ल, टेन्शन गुल?

कॅराव्हॅनमधला वीकेन्ड म्हणजे फुल टू धम्माल. पण चाकांवरच्या घराचा नळ सोडल्यावर जे येतं, ते प्यायचं का? करंजाच्या धक्क्यावर मिळालेला हा एक ओला धडा.

शनिवारची रात्र. अडीच वाजलेले. ट्रेलरच्या टीचभर टॉयलेटबाहेर मी मोबाइलचा टॉर्च धरून उभी आणि आत आमची बँकवाली मैत्रीण. चौथ्यांदा! बाहेर खाडीवरचा मस्त वारा, पलीकडे रेवसचे लुकलुकणारे दिवे, पाठीशी द्रोणागिरीचा काळोखा डोंगर. लोकेशन एकदम फिल्मी. फक्त पिक्चर भलताच लागला होता.

अशा वेळी आपण काय करतो? स्मार्टपणा करतो. मीही केला. ओआरएसचं पाकीट फाडलं, स्टीलच्या बाटलीत लिटरभर पाणी घेतलं, ढवळलं आणि तिला घोट घोट पाजलं. स्वतःवरच खूश होऊन झोपले. पहाटे तिची अवस्था आणखी वाईट झाली, तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. ओआरएस कालवलं कशात? ट्रेलरच्या नळाच्या पाण्यात. म्हणजे ती दिवसभर जे पाणी पीत होती, त्याच पाण्यात.

पाचवा 'क' विसरलेली पत्रकार

आता थोडं मागे जाऊ या. कॅराव्हॅन म्हणजे फक्त परदेशी सिनेमातली चैन, असं आपल्याला वाटायचं. पण महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच आणलं. त्यात स्वतःचं इंजिन असलेल्या गाड्या आल्या आणि आपल्या गाडीच्या मागे ओढत न्यायचे ट्रेलरही आले. या गाड्या उभ्या करायच्या पार्कमध्ये पाणी, वीज आणि टॉयलेट हवं, असंही त्यात आहे. प्रॉब्लेम एवढाच, की आपण सगळे पार्कमध्ये जातोच असं नाही. आपल्याला 'हटके' जागा हवी असते!

आम्ही चौघं. एक आयटीवाला, त्याची सीए बायको, बँकवाली आणि मी. मार्च एन्डिंगचा रणसंग्राम पेटायच्या आधी दोन दिवस मोकळा श्वास घ्यायचा, हा प्लॅन. पनवेलजवळून भाड्याने ट्रेलर उचलला, आयटीवाल्याच्या एसयूव्हीला जोडला आणि निघालो उरणकडे. देणाऱ्याने सगळं फिरवून दाखवलं. बेड, गॅस, छोटा फ्रिज, खाली शंभर लिटरची पाण्याची टाकी. "मॅडम, टाकी फुल्ल आहे, टेन्शन गुल!"

मी चार्जिंग पॉइंट किती ते विचारलं. स्पीकर ब्लूटूथवर चालतो का, तेही विचारलं. मास कॉमच्या पहिल्याच लेक्चरला कोण, काय, कुठे, कधी, का हे पाच 'क' घोकून घेतात. टाकी 'कधी' भरली, हा एक प्रश्न मात्र मी विचारला नाही.

उरणच्या रस्त्यावर गंमत झाली. या भागात ट्रेलर म्हणजे जेएनपीएचे कंटेनर वाहणारे अजस्र ट्रेलर. त्यांच्या रांगेत आमचं ते पांढरं खोपटं म्हणजे हत्तींच्या कळपात ससा. करंजाला आयटीवाल्याच्या ओळखीच्या एका कोळी कुटुंबाच्या घरामागे जागा मिळाली होती. घरातले काका म्हणजे मासेमारी बोटीवरचे जुने तांडेल. ट्रेलर आणलाय म्हटल्यावर त्यांनी मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "मंग कंटेनर कुठं हाय?"

दिवस झकास गेला. धक्क्यावर बोटी पाहिल्या, रेवसच्या लाँचमधून पलीकडे जाऊन आलो, रात्री काकींच्या हातची कोलंबी हाणली. आम्ही तिघं सोबतच्या क्रेटमधल्या सीलबंद बाटल्यांचं पाणी पीत होतो. बँकवालीने मात्र प्लॅस्टिक सोडलंय. ती आपली स्टीलची बाटली ट्रेलरच्या नळावर भरत होती आणि आमच्याकडे तुच्छतेने बघत होती. खरं सांगायचं तर तेव्हा मला तिचं कौतुकच वाटलं होतं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न

रविवारी सकाळी तिला उरणला डॉक्टरांकडे नेलं. पाय लटपटत होते, ओठ सुकलेले, ब्लडप्रेशर खाली. काय खाल्लं हे डॉक्टर आधी विचारतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "ओआरएस कशात केलं होतं?" मी खाली बघितलं. मग सलाइन लागलं, एकामागोमाग दोन बाटल्या. मंगळवारी ती ऑफिसला गेली, पण त्या दोन दिवसांत माझ्या पोटात जो गोळा होता, त्यावर कुठलंच औषध नव्हतं.

ओआरएस हे जगातल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठ्या औषधांपैकी एक. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या कॅम्पमध्ये पटकीची साथ पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी लोकांना तोंडाने पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. पण त्या पाकिटावरही स्पष्ट लिहिलेलं असतं: स्वच्छ, पिण्यायोग्य पाणी वापरा. पाकीट आपण वाचतो, पाणी गृहीत धरतो.

दोष पाण्याचाच होता, हे छातीठोक सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कोलंबी मात्र आम्ही चौघांनी खाल्ली होती आणि टाकीचं पाणी एकटीनेच प्यायलं होतं. मग माझ्यातली फ्रीलान्सर जागी झाली. परत जाऊन मी टाकीचं झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. बुळबुळीत! न धुतलेल्या माठाच्या बुडाला लागतो तसा थर. याला म्हणतात बायोफिल्म. जंतूंनी स्वतःसाठी बांधलेली सोसायटीच म्हणा ना. मग डिकी उघडली. आत एकच हिरवा बागेचा पाइप. टाकी भरायला तोच आणि टॉयलेटचा डबा धुवायलाही तोच. फोन केला तर उत्तर आलं, "धुऊन वापरतो ना, मॅडम."

त्याच पाण्याची एक बाटली भरून घरी आणली. तपासणीची एचटूएस व्हायल नावाची छोटी कुपी मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू असण्याची शक्यता असेल तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. माझी कुपी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाईसारखी झाली होती.

नळाचं पाणी बिघडतं कुठे?

मजा म्हणजे टाकीत भरलेलं पाणी मुळात चांगलंही असू शकतं. शहराच्या पाण्यात क्लोरिन असतं. नळापर्यंत पोचताना ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं. हा उरलेला क्लोरिन म्हणजे पाण्याचा बॉडीगार्ड. पण ट्रेलरची टाकी उन्हात तापते, पाणी दिवसेंदिवस पडून राहतं आणि बॉडीगार्ड हळूहळू ड्युटी सोडून जातो. पाइप, झाकण, तोटी, आपले हात यातलं काहीही अस्वच्छ असलं की जंतूंना रान मोकळं. पाणी दिसतं काचेसारखं. वासही नाही. कुणाला संशय येणार?

"मग आरओ बसवा की," असं आयटीवाला म्हणाला. ट्रेलरमध्ये आरओ म्हणजे अवघड जागचं दुखणं. त्याला दाब लागतो, वीज लागते आणि एक लिटर गाळताना साधारण तीन लिटर तो फेकून देतो. शंभर लिटरच्या टाकीचे पंचवीस लिटर होणार! यूव्ही चांगलं, पण पाणी नितळ हवं आणि वीज हवी. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. कापडाने गाळण्याची आजीची सवय मात्र अगदीच टाकाऊ नाही हं. बांगलादेशात झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. पण निम्मं म्हणजे शून्य नव्हे. गाळा, आणि मग उकळा किंवा क्लोरिन घाला.

उकळणं हाच सगळ्यांत भरवशाचा फंडा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट. बस्स. मात्र खारं पाणी उकळून गोड होत नाही. समुद्राजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ लागलं तर गॅस फुकट घालवू नका.

तांडेलचं पिंप

आमची ही सगळी चर्चा काका ऐकत होते. मग हसून म्हणाले, "चला बोटीवर."

करंजाच्या बोटी आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रात असतात. म्हणजे बघा, आमचा ट्रेलर दोन दिवसांचा पाहुणा. यांचं घर खरंखुरं तरंगतं. बर्फ, डिझेल, रेशन आणि पाणी. यातलं काहीही विसरलं तर वाटेत दुकान नाही. काकांनी दाखवलं: प्यायच्या पाण्याची पिंपं वेगळी, झाकण घट्ट, सावलीत बांधलेली. भांडी आणि बोट धुवायला समुद्राचं पाणी. पिंपातून पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं आणि ते टांगायची खुंटीही वेगळी.

"दर्यान सगला पानीच पानी," काका म्हणाले, "पन पिवाचा पानी येकाच पिंपान. त्यान हात घातला, क खलाशी शिव्या खातो."

मी ऐकतच राहिले. ज्यासाठी मी नेटवर रात्र जागवली होती, ते काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. प्यायचं पाणी आणि वापरायचं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. ट्रेलरच्या टाकीतलं पाणी अंघोळीला, भांड्यांना आणि फ्लशला ठीक. पोटात जाणारं पाणी स्वतंत्र, झाकलेलं, तोटीचं आणि आपण स्वतः भरलेलं हवं. दात घासायचं पाणीसुद्धा त्यातलंच. आम्ही चौघं शहाण्यांनी शंभर लिटरची एकच टाकी सगळ्याला वापरली.

असाच दुसरा फिरता संसार म्हणजे आपली वारी. लाखो माणसं, रोज नवा मुक्काम. एकोणिसाव्या शतकात यात्रांच्या गर्दीबरोबर पटकीही गावोगाव फिरायची. आज पालखीच्या वाटेवर टँकर भरतानाच पाण्यात क्लोरिन टाकतात आणि ते उरलंय का, हे तपासतात. आरोग्य कर्मचारी मेडिक्लोरच्या बाटल्या वाटतात. लाखोंच्या मुक्कामात जे पाळलं जातं, ते चौघांच्या पिकनिकला जड जावं?

आणि पाणी भरायचं कुणाचं?

आता जरा कडू गोळी. रविवारी संध्याकाळी टाकी रिकामी करून धुतल्यावर आयटीवाला सहज म्हणाला, "काकी, नळाला पाइप लावू का? शंभर लिटर भरून घेतो." काकी "हो" म्हणाल्या, पण एक क्षण थांबून. तो एक क्षण मला दिसला.

उरण शहराला आणि आसपासच्या बऱ्याच गावांना एमआयडीसीच्या रानसई धरणाचं पाणी मिळतं. उन्हाळा तापला की धरणाचा तळ दिसू लागतो आणि पाणीकपात सुरू होते. करंजा तर भूगोलानेच टोकाला, तिन्ही बाजूंना खारं पाणी. नळाला पाणी येईल त्या दिवशी घरातली सगळी भांडी, पिंपं, हंडे एका रांगेत लागतात. आमची टाकी म्हणजे काकींचे सात-आठ हंडे. मी पाइप गुंडाळून ठेवला.

काकींनी आणखी एक गोष्ट दाखवली. नळ आला की पहिली बादली त्या भांड्यांना आणि धुण्याला ठेवतात, प्यायला कधीच नाही. यामागे पक्कं शास्त्र आहे. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो आणि जमिनीखालच्या फटींमधून आसपासची घाण आत ओढली जाते. पाणी सुटलं की ती पहिल्या झोतात बाहेर येते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरी सोसायट्यांनाही हे तितकंच लागू आहे, बरं का!

कुठल्याही गावात पाणी भरण्याआधी ग्रामपंचायतीत एक प्रश्न विचारा: तुमचं कार्ड कुठल्या रंगाचं? आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि नंतर गावांच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतो. जोखीम कमी असेल तर हिरवं कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, जास्त असेल तर लाल. टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला जलसुरक्षक असतो. हजार लिटरला पाच ग्रॅम, हा त्याचा हिशेब. पाणी योग्य आहे का, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आपण हॉटेलला रेटिंग देतो, नळाला कधी विचारतो?

निघण्याआधी एवढं कराच

१. माणशी दिवसाला चार लिटर, प्यायला आणि स्वयंपाकाला. चौघं, दोन दिवस म्हणजे ३२ लिटर. वीस लिटरचे दोन फूड ग्रेड कॅन, तोटीवाले, घरूनच भरा.

२. भाड्याच्या ट्रेलरची टाकी आधी निर्जंतुक करून मागा, नाहीतर स्वतः करा. सुवास नसलेलं, साबण नसलेलं, ५ टक्क्यांचं साधं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला १ मिली, म्हणजे शंभर लिटरला १०० मिली. टाकी भरा, प्रत्येक नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा, सगळं ओतून द्या आणि दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. हे पाणी टाकी धुवायचं आहे, प्यायचं नाही! आणि त्यात ॲसिड किंवा दुसरं क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

३. पाणी भरायचा पाइप स्वतंत्र, फूड ग्रेड, दोन्ही टोकांना टोपणं. टॉयलेटचा पाइप दुसऱ्या रंगाचा आणि दुसऱ्या कप्प्यात.

४. पाण्याबद्दल शंका असेल तर उकळा. गॅस कमी असेल तर क्लोरिनच्या गोळ्या: ६७ मिलिग्रॅमची एक गोळी २० लिटर नितळ पाण्याला. अर्धा तास थांबा, मगच प्या. पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्या, गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात.

५. सीलबंद बाटली आणि टपरीवरचा सुटा 'थंडगार जार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गार म्हणजे शुद्ध नव्हे.

६. ओआरएस सोबत ठेवाच. पण ते कालवायला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी वेगळं झाकून ठेवा. जुलाबात रक्त, तीव्र ताप, लघवी कमी होणं किंवा ग्लानी असेल तर सकाळची वाट बघू नका.

पुन्हा एकदा करंजा

बँकवाली पुन्हा कॅम्पिंगला येणार नाही, अशी माझी शंभर टक्के खात्री होती. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिनेच ग्रुपवर मेसेज टाकला: "करंजा? पाणी माझं." ट्रेलर दुसरा घेतला, टाकी आदल्या दिवशी समोर उभं राहून धुऊन घेतली. तिने घरून तीन कॅन भरून आणले. स्टीलची बाटली तीच. प्लॅस्टिक तिने अजूनही सोडलेलंच आहे, फक्त बाटलीत काय भरायचं ते आता ती ठरवते. आमचा क्रेट या वेळी घरीच राहिला.

पोचलो तेव्हा काकी दारातच बसल्या होत्या. तीन दिवस नळ आला नव्हता. तरी आम्हाला बघून सवयीने उठल्या, आतून तांब्या-भांडं आणायला. आल्या-गेल्याला पाणी द्यायचंच. बँकवालीने त्यांना खाली बसवलं, डिकी उघडली आणि तिसरा कॅन उचलून त्यांच्या पायरीवर ठेवला.

काकींनी एकदा कॅनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"म्हावरा न्यावाला सगली येतान," त्या म्हणाल्या, "पानी घेऊन तुमीच पयली आयलाव."

मग त्याच पाण्याचा चहा झाला. खळखळून उकळलेला.